कंपनीची गाडी आणि फ्लॅटचे पर्क्स (पगाराव्यतिरिक्तच्या सोयींचं करपात्र मूल्य) चुकीचे धरले, टीडीएस जास्त कापला. दुरुस्ती कशी करून घ्यायची?

पवई_लेक | १० नोव्हेंबर २०२५

कंपनी अंधेरीची, पेरोल बाहेरच्या एजन्सीकडे. २०२४-२५ मध्ये वर्षभर कंपनीच्या मालकीची गाडी (१,४९८ सीसी, किंमत १४ लाख), ड्रायव्हर आणि फ्युएल कार्ड होतं. वापर ऑफिसचा आणि घरचा, दोन्ही. अलॉटमेंट लेटरमध्ये तसंच लिहिलंय. गाडीपोटी महिना २,००० पगारातून कापत. शिवाय कंपनीने भाड्याने घेतलेला पवईचा फ्लॅट, भाडं महिना ४५,०००, त्यापोटी काही कापत नाहीत.

फॉर्म १२बीएमध्ये (कंपनी देते तो पर्क्सचा तक्ता) गाडीचं मूल्य ५,५४,०००, वसुली २४,०००, करपात्र ५,३०,०००. घरासमोर ४,५०,०००. पर्क्स सोडून बेसिक, बोनस, करपात्र भत्ते मिळून पगार ३० लाख. नवी करप्रणाली.

गाडी ३० जून २०२५ ला परत केली, पोच आहे. तरी यंदाच्या पे-स्लिपवर गाडीचे दरमहा ४४,१६७ चालूच आहेत. मागच्या वर्षाचं रिटर्न सप्टेंबरमध्ये फॉर्म १६ (पगार आणि टीडीएसचं कंपनीचं प्रमाणपत्र) प्रमाणेच भरलं. एचआरचं म्हणणं, "फॉर्म १६ एकदा निघाला की बदलत नाही, पैसे पुढच्या पगारात बघू." हे बरोबर आहे का?

---

पगारपत्रक

नाही. आणि "पुढच्या पगारात बघू" हे दोन वेगवेगळ्या वर्षांची खिचडी करून दिलेलं उत्तर आहे.

आधी चूक कुठे झाली ते बघा. ५,५४,००० हा आकडा "गाडी पूर्णपणे खासगी वापरासाठी" या कोडचा आहे: किमतीच्या १० टक्के म्हणजे १,४०,०००, वर ड्रायव्हरचा पगार आणि इंधन-देखभालीचा प्रत्यक्ष खर्च. तुमचा वापर मिश्र आहे, गाडी कंपनीची आहे, खर्चही कंपनीच करते. अशा वेळी आयकर नियम ३(२) प्रमाणे इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिना १,८००, त्यापुढे २,४००, ड्रायव्हर असल्यास आणखी ९००. तुमचे महिना २,७००, वर्षाचे ३२,४००. पेरोलची एजन्सी किंवा सॉफ्टवेअर बदलताना गाडीच्या मास्टरमध्ये (पेरोलमधल्या मूळ नोंदीत) वापराचा प्रकार रिकामा राहिला की काही सिस्टिम आपोआप "खासगी" धरतात. बहुतेक तेच झालं असणार.

यंदाचं वर्ष सोपं आहे. कलम १९२(३) प्रमाणे मालकाला त्याच आर्थिक वर्षात आधीची जास्त किंवा कमी कपात पुढच्या महिन्यांत जुळवून घेता येते. एप्रिल ते जून असे तीनच महिने, म्हणजे गाडीचे वर्षाचे ८,१००. ऑक्टोबरपर्यंत ४४,१६७ च्या हिशेबाने गाडीवर साधारण ९६,४६० कर कापला गेलाय (३० टक्के अधिक ४ टक्के सेस), खरा होतो २,५२७. मास्टरमध्ये गाडीची शेवटची तारीख टाकली की उरलेल्या पाच पगारांत सुमारे ९४ हजार कमी कापले जातील. त्यासाठी चालू महिन्याचं इनपुट लॉक व्हायच्या आत मेल गेला पाहिजे. जानेवारीत गुंतवणुकीच्या पुराव्यांची झुंबड उडाली की कुणी बघणार नाही.

---

पवई_लेक

मग मागच्या वर्षी माझ्याकडून वसूल केलेले २४,००० या ३२,४०० मधून वजा करून ८,४०० धरायचे का?

---

पगारपत्रक

नाही. वसुली वजा करण्याची सोय पूर्ण खासगी वापराच्या सूत्रात आहे. मिश्र वापराच्या ठरावीक रकमेतून काही वजा होत नाही, त्यामुळे ३२,४०० च. ही चूक उलट्या दिशेनेही होते, म्हणून दुरुस्त केलेल्या १२बीएमध्ये गाडीच्या ओळीत (ओळ २) वसुली वजा होऊन येत नाही ना, ते तपासा.

---

ठाणेकर_७२

घराचाही आकडा चुकलाय. ४,५०,००० म्हणजे ३० लाखांचे १५ टक्के, म्हणजे जुना दर. १ सप्टेंबर २०२३ पासून भाड्याने घेतलेल्या घराला प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. तुमचं भाडं ५,४०,०००, १० टक्के ३,००,०००. म्हणून ३,००,०००.

कुणाचा फ्लॅट कंपनीच्या मालकीचा असेल तर मात्र शहर बघावं लागतं: २०११ च्या जनगणनेत ४० लाखांवर लोकसंख्या असेल तर १० टक्के, १५ ते ४० लाख ७.५ टक्के, बाकी ५ टक्के. मुंबईला १०. ठाणे तेव्हा १८ लाखांच्या वर होतं, म्हणून ७.५, नवी मुंबई ११ लाखांच्या आसपास, म्हणून ५. पेरोलवाले सरसकट सगळ्यांना "मुंबई" लावून मोकळे होतात. आणि या सूत्रातल्या पगारात पर्क्स स्वतः धरायचे नसतात, कंपनीचा पीएफचा वाटाही नाही. धरले असतील तर घराचा आकडा आणखी फुगतो.

---

सीए_गिरगाव

२०२४-२५ बद्दल. इथे १९२(३) संपलं, कारण वर्ष संपलं. कापलेला कर सरकारजमा झालाय, तो कंपनी पुढच्या पगारात देऊ शकत नाही. तो रिफंड म्हणूनच येईल, आणि त्यासाठी सुधारित रिटर्न भरावं लागेल. हिशेब: गाडीत ४,९७,६०० जास्त धरले, घरात १,५०,०००. ३१.२ टक्क्यांनी अनुक्रमे १,५५,२५१ आणि ४६,८००, मिळून २,०२,०५१.

कलम १३९(५) खालचं सुधारित रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच भरता येतं. ती तारीख हुकली तर अपडेटेड रिटर्नचा उपयोग नाही, त्यातून रिफंड वाढवता येत नाही. कलम १५४ खालचा चूक-दुरुस्तीचा अर्जही टिकणार नाही, कारण तुमच्याच रिटर्नमध्ये तो आकडा तुम्हीच लिहिलाय. मग उरतो विलंब माफीचा अर्ज, म्हणजे महिनोन्‌महिने वाट बघणं.

कंपनीकडून हवं आहे ते २४क्यू या पगारावरच्या तिमाही टीडीएस स्टेटमेंटचं, चौथ्या तिमाहीचं, दुरुस्ती-स्टेटमेंट. पगाराचा आणि पर्क्सचा तपशील फक्त चौथ्या तिमाहीच्या अनुलग्नक २ मध्ये असतो. त्यांनी ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी पोर्टलवरून ताजी कन्सो फाइल (आधी भरलेल्या स्टेटमेंटची एकत्रित फाइल) मागवायची, तुमच्या पॅनसमोर १७(२) चा, म्हणजे पर्क्सचा, आकडा ९,८०,००० चा ३,३२,४०० करायचा आणि दाखल करायची. पगार-तपशिलाच्या दुरुस्तीचा हा सी४ प्रकार, पेरोलवाल्याला एवढं सांगितलं तरी कळतं. प्रक्रिया झाली की फॉर्म १६ चा भाग ब ट्रेसेसवरून पुन्हा काढायचा, सोबत नवा १२बीए सहीनिशी. "फॉर्म १६ बदलत नाही" याला उत्तर एवढंच: तो स्टेटमेंटवरून निघतो, स्टेटमेंट बदलता येतं.

आता खरा खड्डा. अनुलग्नक १ मध्ये, म्हणजे चलनानुसार तुमच्या नावावर दाखवलेल्या टीडीएसमध्ये, त्यांना हात लावू देऊ नका. "उत्पन्न कमी झालं म्हणून टीडीएसही कमी करतो" असं म्हणत काही जण तिथली रक्कम घटवतात. मग २६एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं विवरण) तुमचं क्रेडिट कमी होतं, चलनात शिल्लक उरते आणि तिचा रिफंड कंपनी मागू शकते. पैसा तुमच्या पगारातून गेलाय, क्रेडिट तुमचंच राहिलं पाहिजे. दुरुस्तीआधी आणि नंतर २६एएस डाउनलोड करून दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा.

---

पवई_लेक

कंपनीने डिसेंबरपर्यंत दुरुस्ती केलीच नाही तर?

---

सीए_गिरगाव

तरी रिटर्न भरा, थांबू नका. शेड्यूल सॅलरीत १७(२) खाली गाडी ३२,४०० आणि घर ३,००,००० असं वेगवेगळं लिहा, टीडीएस २६एएसमध्ये आहे तेवढाच घ्या. मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख टाका, भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. फॉर्म १६ शी आकडा जुळत नाही म्हणून बेंगळुरूच्या आयकर प्रक्रिया केंद्रातून १४३(१)(अ) ची सूचना आली तर उत्तराला ३० दिवस मिळतात. तेव्हा लागतील: अलॉटमेंट लेटर, आरसीची प्रत (सीसी त्यावर असते), फ्लॅटचा लीज करार आणि पर्क्सचं मूल्य चुकलं असं मान्य करणारा कंपनीचा मेल. चर्चगेटला आयकर भवनात खेटे घालायचं कारण नाही, सगळं पोर्टलवरच होतं. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या माहितीचं वार्षिक विवरण) १९२ च्या, म्हणजे पगाराच्या, नोंदीवर "माहिती पूर्णपणे बरोबर नाही" हा पर्याय टाकून ठेवा. ती कंपनीकडे खातरजमेला जाते, आणि लेखी विचारणा आली की पेरोल एजन्सीही जागी होते.

---

पगारपत्रक

एचआरला मेल करताना "टीडीएस जास्त कापलाय, बघा" असं मोघम लिहू नका, त्यावर "तपासून कळवतो" एवढंच येतं. असं लिहा: "फॉर्म १२बीए, २०२४-२५. ओळ १: ४,५०,००० ऐवजी ३,००,०००. ओळ २: ५,३०,००० ऐवजी ३२,४००, नियम ३(२), मिश्र वापर, १,४९८ सीसी, ड्रायव्हरसह. चौथ्या तिमाहीच्या २४क्यूची दुरुस्ती करून तिचा १५ अंकी टोकन क्रमांक कळवावा. चालू वर्षात गाडी ३० जून २०२५ ला बंद करावी आणि घर १० टक्क्यांनी धरावं." परतीची पोच जोडा. टोकन क्रमांक मागितलेला असला की "केलंय" असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही.