ओंडका ओला असतानाच चिरा
टेबलाच्या फळ्यांसाठी झाडाचा ओंडका आधी वर्षभर सुकवून मग चिरावा, असं काही जण सांगतात; ते मला पटत नाही. मुंबईत तर नाहीच. आपल्या पावसाळ्यात सालीसकट पडून राहिलेल्या ओंडक्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात बुरशी आणि भुंगे आधी शिरतात. ओलाच चिरा, दोन्ही तोंडांना लगेच मेण किंवा जाड ऑइलपेंट लावा.

फळीच्या रुंदीचाही विचार करा. लाकूड सुकताना वर्षवलयांच्या दिशेने, म्हणजे गोलाईत, जेवढं आकसतं, ते केंद्राकडून सालीकडच्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. त्यामुळे मधोमध निघालेली सर्वांत रुंद फळी केंद्रापाशी बहुतेक वेळा तडकतेच. आमच्या रेन ट्रीच्या फळीतून केंद्राचा तो पट्टाच काढून टाकला, दोन्ही अर्ध्या सुकल्यावर जोडल्या. टेबल अजून सपाट आहे. सॉ मिलवाला अख्खी रुंदी ठेवायचा आग्रह धरेल, तरी ऐकू नका.