‘निवडून येणार नाही’ या शंकेला किती महत्त्व द्यावे?

दादरकर: १९९१च्या आखाती युद्धानंतर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांची लोकप्रियता नव्वद टक्क्यांच्या आसपास होती. त्यामुळे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातील काही बड्या नेत्यांनी उमेदवारीच टाळली, आणि ज्यांच्याबद्दल सर्वांना शंका होती ते क्लिंटन १९९२ची निवडणूक जिंकले. मग उमेदवाराची पारख खरी, की सरकारच्या अर्थकारणावरचा विश्वास?

माटुंगेकर: विश्वासच, असे मला वाटते. मंदी मार्च १९९१मध्ये संपली होती, तरी जून १९९२मध्ये बेरोजगारी ७.८ टक्क्यांवर पोहोचली. ज्याची नोकरी गेली आहे त्याला सावरत्या अर्थव्यवस्थेचे आलेख दाखवून काय उपयोग?

गिरगावकर: थोडे सबुरीने घ्यावे. क्लिंटन यांना ४३ टक्केच मते होती, कारण अपक्ष उमेदवार पेरो यांनी जवळपास १९ टक्के नेली.

माटुंगेकर: मान्य, परंतु मतदानोत्तर पाहणीत पेरो यांचे मतदार दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच झुकले होते.

परळकर: अमेरिकेतल्याच २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीचे उदाहरणही पाहावे. जून २०२२मध्ये ९.१ टक्के असलेली महागाई निवडणुकीपर्यंत तीनच्या खाली आली, तरीही सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाच्या हॅरिस हरल्या. दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे, हे आपल्याकडे वाणसामानाची यादी करणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.