आगरातला पातेरा (माडांच्या वाडीतला वाळका पाला) कधी पेटवायचा? (आपलं घर, गुहागर – घरचा ग्रुप)

दादा (डोंबिवली): मंडळी, शुक्रवारी रात्रीच्या एसटीने मी आणि बंड्या निघतोय. शनिवारी जेवणं झाली की आगर साफ करायला घेतो. पातेरा, झावळ्या, पडवीमागचा सगळा पसारा दुपारी एकदाच पेटवून टाकू. रॉकेल हल्ली मिळत नाही, स्कूटरमधलं पेट्रोल काढलं तर चालेल ना तात्या?

तात्या: पेट्रोल नको. आणि दुपार तर नकोच नको.

तात्या: अकरा-साडेअकराला खारा वारा सुटतो. समुद्राकडून आत, म्हणजे आपल्या आगरातून सरळ वरच्या अंगाच्या काजूत. तुझ्या बाबांनी एकदा असंच भर दुपारी पेटवलं होतं. झावळीची एक पेटती पाती उडाली, दगडी गडग्यावरून पलीकडच्या वाळल्या गवतात पडली. गडग्याने आग अडते, ठिणगी नाही अडत. शेजाऱ्यांचे बारा काजू गेले. धरते काजू होते रे. दोन वर्षं त्यांच्याकडे गणपतीला जाताना मला मान वर करवत नव्हती.

दादा (डोंबिवली): हे बाबा कधी बोलले नाहीत.

काकी: कसे बोलतील!

तात्या: शनिवारी नुसतं गोळा करा. रविवारी पहाटे वारा पडलेला असतो, पान हलत नाही. उजाडताना पेटवायचं आणि नऊच्या आत पाणी मारून मोकळं व्हायचं.

बंड्या: पण आजोबा, पहाटे दहिवर असतं. ओला पातेरा नुसता धुमसणार.

तात्या: शाबास, शहरात राहून दहिवर माहीत आहे. तिन्हीसांजेला ढीग ताडपत्रीने झाक.

काकी: आणि सकाळी ताडपत्री हाताने उचलू नका हो! रात्रभर झाकलेल्या ढिगात फुरसं येऊन बसतं. मागल्या महिन्यात न्हाणीघरामागे दगड हलवला तर खालून करवत घासल्यासारखा खर्र खर्र आवाज. वीतभर तर होतं, पण वेटोळं करून तिथंच बसलं, हटेचना. लांब काठीने आधी ढोसून बघायचं, मगच काडी.

ताई (चिपळूण): पायात गमबूट, हातात जाड हातमोजे. पातेरा दाताळ्यानेच ओढायचा, कवेत धरून उचलायचा नाही. आणि चावलंच तर दोरी बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. पाय न हलवता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय. फुरशावर तीच लस चालते, जी नाग, मण्यार, घोणसवर चालते.

तात्या: आणि विंचू?

ताई (चिपळूण): त्यालाही रुग्णालयच. लाल विंचवावर प्राझोसिनच्या गोळ्या लागू पडतात, हे आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. उतरवणाऱ्याकडे नेण्यात वेळ घालवू नका. बरं काकी, पडवीमागच्या पसाऱ्यात आहे काय काय?

काकी: काजूच्या टरफलांची दोन पोती, पावसात पडलेल्या बिब्ब्याच्या फांद्या, नारळाची सोडणं तर ढीगभर, तुटका पाईप, रंगाचे डबे, झुरळांच्या स्प्रेचे रिकामे डबे.

ताई (चिपळूण): अगं बाई! बिब्बा जाळू नका. त्याचं तेल धुराबरोबर येतं. बिब्बा उतला की कातडीचं काय होतं ते तुला माहीत आहे, तेच तोंडाला, डोळ्यांना आणि घशात आतून होतं. काजूची टरफलंही त्याच जातीची. बिब्बा, काजू, आंबा सगळे एका कुळातले. बंड्याचे ओठ कैरीच्या चिकाने सुजतात, त्याने तर त्या पसाऱ्याला हातसुद्धा लावू नये.

बंड्या: आत्या, मग मला काम काय?

ताई (चिपळूण): नळी धरून उभा राहा.

बंड्या: आणि प्लास्टिक जाळायला २०१६ च्या नियमांनी बंदीच आहे. हरित लवादाने त्याच वर्षी उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितलाय.

तात्या: दंडाचं राहू दे, त्या धुराने तुझ्या आजीचा दमा उसळतो. स्प्रेचे डबे तर आगीत फुटतात, बाजूला काढून ठेवा. टरफलं काजूच्या कारखान्यात विचारून बघतो. सोडणं पण जाळायची नाहीत, माडाच्या आळ्यात पुरायची, खोलगट बाजू वर करून. पाणी धरून ठेवतात. आणि पातेरा कलमांच्या बुंध्यात. जमीन गार राहते.

दादा (डोंबिवली): मग जाळायला उरलं काय? 😄

तात्या: रोग लागलेल्या फांद्या, काटेरी झुडपं आणि ते माडाचं थोटूक. घमेलंभर पातेरा पेटवणापुरता. ढीग लहानच ठेव, वरून थोडं थोडं टाकत राहा. भोवती दहा हात जमीन खरवडून काढ. कलमाखाली नको, झळीनेसुद्धा पालवी करपते. विजेच्या तारेखाली नको.

काकी: आणि दादा, ती चकचकीत जर्सी घालून आगीपाशी जाऊ नकोस. चिकटते अंगाला. तुझ्या काकांचा जुना सुती सदरा काढून ठेवते.

ताई (चिपळूण): भाजलंच तर नळाखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको.

---

*रविवार*

बंड्या: सव्वासहाला पेटवलं, साडेआठला विझवलं. ताडपत्रीखाली एक बेडूक निघाला, बाबा त्याला बघून गडग्यापर्यंत पळाले.

दादा (डोंबिवली): अंधार होता.

दादा (डोंबिवली): वरच्या अंगाच्या काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, ते स्वतः कळशी घेऊन गडग्याशी उभे राहिले. बाबांच्या वेळचं काही काढलं नाही त्यांनी. चहा प्यायला थांबले.

---

*सोमवार*

दादा (डोंबिवली): पोचलो. तात्या, राख टाकलीत का माडांना?

काकी: तात्या बाहेर आहेत, म्हणून मी लिहिते. काल चार बादल्या ओतल्या ना तुम्ही, वरून राख अगदी गार. आत्ता काठीने उकरली तर थोटकाचं मूळ आतून लाल. गेले हे परत नळी घेऊन. चहा निवतोय इकडे.