मदत हवी आहे: साल्सा या जोडीच्या लॅटिन नाचात चौथ्या मात्रेला थांबताच येईना

नमस्कार मंडळी. मी लातूरचा, वय 41. शाळेत लेझीम खेळलो, गणपतीत ढोलापुढं नाचलो, म्हणून वाटलं साल्सा काय, महिन्यात जमेल! चार महिने झाले. 1-2-3 ला पाऊल, 4 ला थांबायचं. 5-6-7 ला पाऊल, 8 ला थांबायचं. इतकंच. पण माझा पाय चौथ्यालाही पडतो, अन् नेमका बायकोच्या अंगठ्यावर. बचाटा (असाच दुसरा जोडीचा नाच) त्या मानानं बरा, चौथ्याला पाय नुसता टेकवून कंबर हलवायची.

दुसरं म्हणजे, गिरकी द्यायची तर मी तिचा हात ओढतो. परवा चिडून म्हणाली, "मी काय बैल आहे का?" इशारा दंडातून नाही, आपलं वजन सरकवून द्यायचा म्हणतात. तो द्यायचा कसा?

क्लास नाही, मोबाईल बघून रात्री गच्चीवर सराव चालतो. (समोरच्या काकूंनी आता खिडकीत खुर्चीच टाकलीय.) गाण्यातली पहिली मात्रा ओळखायला काय ऐकावं, कोंगा (हातानं वाजवायचा उंच ढोल) की क्लावे (दोन लाकडी दांड्यांचा ठेका)? खरबरीत फरशीवर वळताना गुडघा पिळतो, त्यावर कुठले बूट चालतील? लातूर-नांदेडकडं जोडीनं शिकवणारं कुणी असेल तर जरूर कळवा.