मदत हवी आहे: तीन लेपर्ड गेको एकाच टाकीत, धाकटीचं वजन घटतंय

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे तीन लेपर्ड गेको (पाळीव ठिपकेदार पाली) आहेत. दोनेक महिन्यांची पिल्लं असताना एकदमच आणली, आता नऊ महिन्यांची झालीत. देणाऱ्याने "तिन्ही माद्या आहेत, बिनधास्त एकत्र ठेवा" असं सांगितलं आणि मी तेच धरून चालले. भुरी सगळ्यांत मोठी, मग ठिपकी, आणि चिंगी. वय तिघींचं सारखंच, पण अंगाने लहान म्हणून घरात चिंगीला सगळे धाकटी म्हणतात.

टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. एका टोकाला खालून हीट मॅट, थर्मोस्टॅटवर. तिथल्या फरशीचं तापमान ३२-३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५. उबेच्या बाजूला एक गुहा, मधे कात टाकायला ओल्या शेवाळाचा डबा, थंड बाजूला आडवी ठेवलेली अर्धी कुंडी. खायला रातकिडे आणि मिलवर्म, कॅल्शियमची पावडर लावून.

दर रविवारी मी तिघींना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन वहीत लिहिते. भुरी ५८ ग्रॅम, ठिपकी ४४. चिंगी ३३ पर्यंत छान चढली आणि तिथून उतरायला लागली. गेल्या पाच रविवारचे आकडे ३२, ३२, ३०, २९, २७. पूर्वी शेपटी मानेएवढी जाड होती. आता बुडाशी चिमटल्यासारखी दिसते.

भांडण म्हणावं असं काही दिसत नव्हतं, म्हणून परवा रात्री मंद दिव्यात तासभर टाकीसमोर बसून राहिले. रातकिडे सोडले. भुरी गुहेतून बाहेर आली, उभी राहिली आणि शेपटीचं टोक सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवत चिंगीकडे बघत राहिली. बस, एवढंच. चावली नाही, धावली नाही. चिंगी पोट जमिनीला टेकवून काचेला चिकटली. एक रातकिडा तिच्या अगदी नाकापुढून चालत गेला, तरी तिची नजर भुरीवरून हलली नाही. एरवी ती रातकिड्यावर झडप घातल्याशिवाय राहत नाही हो. भुरी परत आत गेल्यावरही चिंगी पंधरा मिनिटं तशीच होती.

दिवसा मात्र तिघी उबेच्या गुहेत एकमेकींच्या अंगावर झोपतात. किती प्रेम आहे यांच्यात, असं वाटून मी त्याचे कितीतरी फोटो काढलेत. आणि आज सकाळी चिंगीच्या शेपटीवर शेजारी शेजारी दोन बारीक खपल्या दिसल्या.

तिघींनाही वेगळं करायचं, की फक्त भुरीला काढलं तरी चालेल? मधे काच बसवून टाकीचे भाग केले तर? आणि इतके महिने सोबत राहिल्यावर एकटं ठेवलं तर चिंगी खंगणार नाही ना? मनाला फार लागलंय, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, बाकीची चर्चा नंतर. चिंगीला आज रात्रीच वेगळं काढा. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, बाजूंना हवेची भोकं, तळाला साधा टिश्यू पेपर, उबेच्या टोकाला एक आणि गार टोकाला एक लपायची जागा, पाण्याची छोटी ताटली. ऊब थर्मोस्टॅटवरच हवी. माती-वाळू काही घालू नका, जखमेत जाते. टिश्यूवर विष्ठाही लगेच दिसते, ती पुढे लागेल.

भुरी करत होती ती धमकी आहे. सावकाश वळणारं टोक म्हणजे 'मागे हो'. दोन खपल्या म्हणजे ती धमकीवर थांबलेली नाही. पुढच्या वेळी चिंगी शेपटीच टाकेल. नवी फुटते, पण ती आखूड, गुळगुळीत आणि फुगीर असते. मुख्य म्हणजे साठवलेली चरबी शेपटीबरोबर जाते, आणि चिंगीकडे ती आधीच कमी आहे.

भुरीला पारदर्शक डब्यात ठेवून खालून पोटाचा फोटो टाकता का? मागच्या पायांच्या मधला भाग स्पष्ट दिसू दे.

प्रतिसाद

अंगावर अंग टाकून झोपण्याबद्दल सांगतो, कारण बहुतेक सगळे तिथेच फसतात. तुमच्या टाकीत उबेची गुहा एकच आहे. या प्राण्याला अन्न पचवायला पोटाखाली ऊब लागते, त्यामुळे तिघीही तिथेच जाणार. भुरी जागा सोडत नाही, चिंगीला ऊब सोडून चालत नाही, म्हणून ढीग होतो. अंगावर चढून बसणं हा जागा अडवायचाच एक प्रकार आहे.

एकटेपणाची काळजी करू नका. अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारताच्या खडकाळ कोरड्या भागातला हा प्राणी. तिथे एका कपारीत दोन-चार सापडतातही, पण पटलं नाही तर दुसऱ्या कपारीत निघून जाता येतं. ९० सेंटिमीटरच्या टाकीत चिंगी जाणार कुठे?

वजन घटण्याचं दुसरं कारणही तपासा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीनेही शेपटी काडीसारखी होते, आणि तो विष्ठेतून पसरतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून तिघींच्या विष्ठेची तपासणी करून घ्या. तोवर प्रत्येकीचा चिमटा आणि ताटली वेगळी, आणि चिंगीचं काम सगळ्यांत शेवटी करून हात धुवायचे.

धागाकर्ती

चिंगीला रात्रीच वेगळं काढलं. भुरीचा फोटो जोडलाय. पोटाच्या खालच्या टोकाला उलट्या व्हीसारखी ठिपक्यांची ओळ आहे, आणि शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे. मला ज्याची भीती वाटतेय तेच आहे का हे?

प्रतिसाद

हो ताई, भुरी नर आहे. मेणचट ठिपक्यांची ती ओळ आणि दोन फुगवटे, शंकेला जागा नाही. दोन महिन्यांच्या पिल्लात हे नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यामुळे देणाऱ्याने बघून खात्रीने सांगणं कठीण होतं. यांचं लिंग अंडी कोणत्या तापमानाला उबवली त्यावर ठरतं. २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. पण 'बहुतेक' म्हणजे सगळे नव्हेत.

भुरीलाही आजच वेगळं करा, आणि ठिपकी-चिंगीलाही पुन्हा एकत्र आणू नका. भुरी गेली की ठिपकी दादागिरी करेल, एवढाच फरक. काच बसवायचा विचार सोडा. पारदर्शक काचेतून धमकी दिसतच राहते, आणि ४५ सेंटिमीटरच्या तुकड्यात ऊब आणि गारवा दोन्ही नीट मिळत नाहीत.

आता जास्त काळजी ठिपकीची. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे वेगळी केल्यावरही ती अंडी घालू शकते. एका खेपेला दोन, आणि हंगामात अशा अनेक खेपा. ४५-५० ग्रॅम आणि वर्षाचं वय होईपर्यंत जोडी लावू नये म्हणतात ते याचसाठी, हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. ताटलीत साधी कॅल्शियम पावडर कायम ठेवा, आणि पोटाच्या पातळ कातडीतून पांढरट लंबगोल दिसतात का ते रोज बघा. चिंगीचंही बघा, पण तिच्या अंगात अंडी धरायची ताकद नसावी अशीच प्रार्थना.

प्रतिसाद

माझे मोर्निंग गेको सहा जण एकत्र राहतात, तर लेपर्ड का नाही, असं विचारणार होतो. पण ती जातच निराळी. जवळपास सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालणाऱ्या. तरी माझ्याकडेही एक-दोन जणी दबून असतात. त्यांचं उदाहरण इथे लावू नये.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आज सोळा दिवस झाले. तिघं तीन जागी. विष्ठेत परजीवी सापडले नाहीत. खपल्या कातीबरोबर निघाल्या. पहिले चार दिवस चिंगी डब्याच्या कोपऱ्यात दबूनच होती. पाचव्या रात्री रातकिडा सोडल्यावर मान ताणली, शेपटीचं टोक झरझर थरथरलं आणि झडप! मी तिथेच रडले. आज वजन ३० ग्रॅम.

ठिपकीच्या पोटात मात्र दोन पांढरे लंबगोल दिसताहेत, आणि काल रात्रीपासून ती शेवाळाच्या डब्यात उकरतेय. डबा केवढा खोल हवा, आणि मूठ दाबली तर पाणी सुटेल इतकं ओलं ठेवायचं की त्याहून कमी? आज रात्रीच लागेल असं वाटतंय.

प्रतिसाद

कमी. मूठ दाबली तर गोळा व्हावा, थेंब पडू नये. अंग पूर्ण मावेल असा झाकणाचा डबा, बाजूला एक भोक, आत सातेक सेंटिमीटरचा थर, आणि डबा उबेच्या बाजूला. त्यानंतर सकाळपर्यंत झाकण उघडून बघू नका.