वेदना आणि मनःस्थितीची नोंद ठेवणारे ॲप सुचवाल का?

नमस्कार. फायब्रोमायल्जिया या अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या विकारामुळे होणाऱ्या वेदनेची आणि मनःस्थितीची नोंद मी फोनवरील ॲपमध्ये ठेवते. परंतु त्यात 0 ते 10 या मापावर दिवसातून एकदाच आकडा टाकता येतो, त्यामुळे सकाळी बोटे आखडलेली असताना वेदना 7 आणि दुपारी 3 असली, तरी रात्री नोंद करताना शेवटच्या तासाचाच रंग साऱ्या दिवसाला चढतो. उदासी वेदनेच्या आधी येते की मागून, हे डॉक्टरांना त्यावरून कसे कळावे? दिवसातून तीन-चार वेळा आठवण करून देणारे, झोप व औषधांच्या वेळाही त्याच आलेखावर दाखवणारे आणि माहिती फोनमध्येच ठेवणारे ॲप कोणी वापरले आहे का? (विनामूल्यच हवे, असा आग्रह नाही.) सतत नोंदी केल्याने दुखण्याकडेच अधिक लक्ष जाते, असा अनुभव असल्यास तोही कृपया कळवावा.