सरासरी वाऱ्यावरून पवनचक्कीची वीज काढता येते का?

प्रश्न: साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर सरासरी वारा ६ मीटर प्रति सेकंद धरून वर्षाची वीज काढली, तर चालेल?

उत्तर १: नाही, आकडा चुकेल. शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. अर्धा वेळ ४ आणि अर्धा वेळ ८ वारा असला तर सरासरी ६च, पण घनांची सरासरी २८८ येते. ६ चा घन फक्त २१६. तासागणिक नोंदीच घ्या.

उत्तर २: पण घनाचा नियम सरसकट लावू नका. वारा साधारण ३-४ मीटर प्रति सेकंदाच्या खाली असला तर वीज नाही. १२-१३ नंतर पाती कोन बदलून जादा वारा सोडून देतात, वीज तेवढीच राहते. २५ च्या आसपास यंत्र थांबतं.

उत्तर ३: शिवाय पठार सुमारे ११०० मीटर उंच, हवा समुद्रसपाटीपेक्षा दहाएक टक्के विरळ, म्हणून त्याच वेगाच्या वाऱ्यात शक्तीही तेवढी कमी.